शब्दांची भिशी

किस्से फ्रिजमधल्या वाट्यांसारखे असतात. आपण ठेवल्याचं आठवत नाही, पण एक दिवस आवरायला घ्यावं तर वाटीमागं वाटी! आमच्या भिशीचे किस्से असेच साठलेत. आता एकेकीचं झाकण काढतेच.

आधी भिशीचं सांगते. माझी लेक ईश्वरी तेव्हा भोरला दहावीत, सेमी-इंग्रजीत. दहावीनंतर तिला पुण्यातल्या एका हॉस्टेलवाल्या कॉलेजात जायचं होतं, आणि तिथं प्रवेशाला मुलाखत. तीही इंग्रजीतून! हे कळल्या दिवसापासून झोप उडाली ती माझी. ती घोरत होती.

मी भोरच्याच कॉलेजची बी.ए. माझं इंग्रजी फॉर्म भरण्यापुरतं. मग मी, वैशाली आणि सुनंदा, एकाच वर्गातल्या तीन मुलींच्या तीन आयांनी, शब्दांची भिशी काढली. दर शनिवारी प्रत्येकीनं पाच अवघड इंग्रजी शब्द चिठ्ठ्यांवर लिहून स्टीलच्या डब्यात टाकायचे, डबा हलवायचा, मुलींनी चिठ्ठ्या उचलायच्या आणि निघालेले शब्द आठवडाभर बोलण्यात वापरायचे.

पहिल्या आठवड्यात सुनंदाचे शब्द सगळ्यांत भारी निघाले. इतके लांब, की मुलींना एका दमात म्हणता येईनात. चार दिवस पाठांतर झालं. पाचव्या दिवशी ईश्वरीला खोकला झाला, तिनं औषधाची बाटली हातात घेतली आणि ओरडली, "आई, सुनंदामावशीचे सगळे शब्द हितं आहेत!"

सुनंदानं पाचही शब्द खोकल्याच्या औषधावरून उतरवले होते. आम्ही जाब विचारला, तर ती शांतपणे म्हणाली, "मला वाटलं, जेवढं बारीक छापलेलं, तेवढं अवघड!"

* * *

मग मी घरात नियम केला. भांडायचं ते इंग्रजीतून, आणि प्रत्येक भांडणात एक तरी नवा शब्द पाहिजे.

मायलेकींची भांडणं एकदम बंद! शब्दकोशात योग्य शब्द सापडेपर्यंत राग शिल्लकच राहायचा नाही. आमचे हे खूश. म्हणाले, "हा नियम नवराबायकोलाही लावू."

आठ दिवस मी शब्दकोश चाळला. नवव्या दिवशी चांगली तयारी करून, एका दमात चार शब्द फेकले. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, "थांब हं, अर्थ बघून येतो," म्हणाले आणि मोबाईल घेऊन बाहेरच्या ओट्यावर गेले.

दोन तास मॅच बघून आले.

* * *

सासूबाई हिर्डोशीच्या. थंडीत आमच्याकडं भोरला येतात. त्या वर्षी आल्या तेव्हा ईश्वरीनं घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. प्रत्येक वस्तूला शोभेल असं एकेक विशेषण. मिक्सरवर 'क्लॅमरस', म्हणजे गोंगाट करणारा. आणि आजीच्या खुर्चीवर 'ऑबस्टिनेट'!

मी धावले. चिठ्ठी काढायला गेले तोवर सासूबाई खुर्चीत बसलेल्या.

"काय लिव्हलंय गं?"

"आज्जी, म्हणजे मनानं ठाम," ईश्वरी म्हणाली.

सासूबाई इतक्या खूश, की येईल त्याला चिठ्ठी दाखवायच्या. दूधवाल्याला दाखवली. गॅसवाल्याला दाखवली. शेवटी शेजारची एम.ए. झालेली पोरगी आली आणि वाचून पटकन म्हणाली, "अय्या, आजी, ह्याचा अर्थ हट्टी! कुणाचंही न ऐकणारा."

मिक्सरसुद्धा गप्प. मी मनातल्या मनात त्यांची पिशवी भरून त्यांना हिर्डोशीच्या एसटीत बसवूनही आले.

सासूबाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं, चिठ्ठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "सुनंला सोळा वर्सं मनात ठिवावं लागलं. पोरीनं एका शब्दात लिव्हलं. हुशार हाय! ऱ्हाऊ दे तितंच."

* * *

हा अगदी छोटा आहे.

मी भाजी फोडणीला टाकता टाकता ईश्वरीची यादी पाठ करत होते. आमटी उतू गेली तरी माझं तोंड चालूच. ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मुलाखत नक्की कुणाची आहे?"



* * *

सुनंदाचं सासर गुंजवण्याचं. भिशी सुरू झाली त्याच जुलैमध्ये भाताची लावणी, तिला शनिवारी भोरला यायला जमेना. म्हणून भिशीच शेतावर गेली. डबा बांधावर, आम्ही चिखलात. रोपांची जुडी संपली की एक शब्द म्हणायचा, असं ठरलं.

मुली थकल्या, आम्हीही थकलो. लावणीला आलेल्या हौसाकाकू मात्र पेटल्या! शाळा चौथीपर्यंत, पण मुलींच्या आधी शब्द म्हणायच्या. 'एक्झॅस्परेटिंग' त्यांच्या विशेष आवडीचा. म्हणजे वैताग आणणारं. चिखलाला एक्झॅस्परेटिंग, पावसाला एक्झॅस्परेटिंग, जावेला तर तीनदा!

तेवढ्यात राजगडाला निघालेला एक तरुण रस्त्यावर गाडी थांबवून ओरडला, "काकू, पाली दरवाजाकडचा रस्ता कसा आहे?"

हौसाकाकू कंबर सरळ करून म्हणाल्या, "लई एक्झॅस्परेटिंग हाय बाबा!"

त्यानं हेल्मेट काढलं. "म्हणजे काय हो?"

हौसाकाकू आमच्याकडं वळून म्हणाल्या, "इंजिनेर दिसतोय. ह्यालाबी घ्या भिशीत!"

* * *

मुलाखतीचं मात्र सांगायलाच हवं. ईश्वरीला प्रवेश मिळाला. यादीत नाव आलं, पेढे वाटले, ते सगळं झालं. पण किस्सा तो नाही. किस्सा आत घडला.

तिची मुलाखत संपता संपता शिपाई बाहेर येऊन म्हणाला, "आईंनाही बोलावलंय."

आत टेबलापलीकडं एक मराठी मॅडम आणि दक्षिणेकडचे एक सर, ज्यांना मराठी अजिबात येत नव्हतं. मी फी, शिस्त, खाणंपिणं, सगळ्यावर इंग्रजी उत्तरं पाठ करून गेले होते. सरांनी हसून, अगदी साध्या इंग्रजीत एवढंच विचारलं, की मुलगी इकडं हॉस्टेलला आली की तुम्ही घरी काय करणार?

हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता.

पाठ केलेला एकही शब्द आठवेना. तोंड उघडलं आणि सरळ मराठीच बाहेर आलं, "काय करणार? रडेन. तिच्या खोलीत जाऊन बसेन. मग जरा भांडी घासेन, आणि परत रडेन."

मराठी मॅडमनी फाईल उघडून तोंडासमोर धरली. सर ईश्वरीकडं वळले आणि म्हणाले, "ट्रान्स्लेट, प्लीज."

वर्षभर शब्द गोळा केलेल्या माझ्या लेकीनं माझ्याकडं बघितलं. मग सरांकडं.

"सर, मदर इज सेइंग, शी विल बी व्हेरी बिझी."

सरांनी खूश होऊन माझ्याकडं बघितलं.

"एक्सलंट!"