सुनीताताई अडकल्या आणि मला हायसं वाटलं

काल दुपारी बेलापूरच्या कंपनीतून फोन आला. लॅबमध्ये होते, हातात ग्लोव्हज... स्पीकरवर टाकला. "मॅडम, एक तारखेपासून जॉइन होऊ शकाल का?" हो म्हटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत मी चौदा वर्षं लॅब बघतेय. मालाचे सॅम्पल तपासायचे, रिपोर्ट लिहायचे. दिवाळीनंतर कंपनीने सांगून टाकलं, की लॅब गुजरातला हलवतोय, ज्यांना यायचंय त्यांनी या. माझी मुलगी दहावीत, सासूबाईंचं डायलिसिस इथे कामोठ्यात चालू... मी कुठे जाणार?

मग प्रोग्रॅमिंग शिकायचं ठरवलं. ऑनलाइन कोर्स घेतले. एक नाही, चार! कंपनीच्या बसमध्ये कानात हेडफोन घालून व्हिडिओ बघायचे, घरी आल्यावर लॅपटॉपवर तसंच लिहायचे. व्हिडिओतल्या सरांचा प्रोग्रॅम चालायचा, माझाही चालायचा. चार सर्टिफिकेट मिळाली. वाटलं, जमतंय की आपल्याला.

फेब्रुवारीत वाशीला पहिला इंटरव्ह्यू दिला. छोटासाच प्रोग्रॅम लिहायला सांगितला होता, पण स्क्रीन रिकामी होती आणि समोर व्हिडिओ नव्हता. वीस मिनिटांत दोन ओळी लिहिल्या आणि त्याही पुसल्या. समोरची मुलगी माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असेल, तिनेच पाण्याची बाटली पुढे केली. रिक्षात रडत घरी आले. नवऱ्याला म्हटलं, "माझं डोकंच नाहीये यात. सोडून देते."

तोच म्हणाला, बी विंगमधल्या सुनीताताईंना एकदा विचार. त्या वीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहेत, पण आमची ओळख सोसायटीच्या मीटिंगपुरतीच. दोन आठवडे धीर होईना. शेवटी लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा विचारलं. म्हणाल्या, "शनिवारी सकाळी ये. लॅपटॉप आण. सर्टिफिकेटं राहू दे घरी."

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "लॅबमध्ये तुला रोज कशाचा वैताग येतो?" मी म्हटलं, सॅम्पलच्या रजिस्टरचा. कुठला सॅम्पल कधी आला, कुठल्याची टेस्ट बाकी आहे, हे शोधण्यातच सकाळ जाते. "मग ह्याचाच प्रोग्रॅम बनव," म्हणाल्या.

त्या शिकवायच्या असं म्हणवत नाही. शेजारी बसून भाजी निवडायच्या आणि मध्येच विचारायच्या, "ही ओळ कशासाठी?" एकदा मी एआयकडून लिहून घेतलेला भाग नेला होता. तोच प्रश्न... मी म्हटलं, माहीत नाही. शांतपणे म्हणाल्या, "मग पुस. तुला कळेल तेवढंच ठेव."

मे महिन्यातल्या एका शनिवारी प्रोग्रॅम जवळपास तयार झाला. वीस तारीख उलटून गेली होती. खऱ्या नोंदी भरून बघितल्या, तर बाकी टेस्टच्या यादीतून काही सॅम्पल गायबच! ताईंनी पहिल्यांदाच लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "माहितीये मला काय झालंय ते," म्हणाल्या. ते नव्हतं. दुसरं करून पाहिलं, तेही नव्हतं. चष्मा काढला, डोळे चोळले, चहा गार झाला... तासभर गेला. शेवटी म्हणाल्या, "नाही गं कळत मला."

वीस वर्षं काम केलेलं माणूस असं अडकतं? चार कोर्समध्ये एकही सर अडकलेले मी पाहिले नव्हते. मी विचारलं, "ताई, तुमचं असं नेहमी होतं?" त्या हसल्या. "रोज. त्याचाच तर पगार घेते. तुझ्या लॅबमध्ये रीडिंग चुकीचं आलं तर तू काय करतेस?"

म्हटलं, एकेक गोष्ट तपासत जाते. आधी केमिकल, मग मशीन, मग सॅम्पल.

"मग इथे काय वेगळं करायचंय?"

मी गायब सॅम्पल कागदावर उतरवून काढले. सगळे सहा ते बारा मेदरम्यानचे. तेरा तारखेपासूनचा एकही गायब नव्हता. आणि एकदम दिसलं... कॉम्प्युटर महिना आधी वाचत होता! मी ७/५ भरलं की सात मेऐवजी तो पाच जुलै समजत होता, म्हणून ते सॅम्पल अजून आलेच नाहीत असं धरत होता. एक ते पाच मे उलटं वाचलं तरी तारीख होऊन गेलेलीच, म्हणून ते यादीत होते. तेरावा महिनाच नसतो, त्यामुळे पुढच्या तारखा मुकाट्याने बरोबर वाचत होता. ताईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, हे मला दिसायला हवं होतं!" आणि आम्ही दोघी इतक्या हसलो, की त्यांची आई आतून बघायला आली.

गेल्या गुरुवारचा इंटरव्ह्यू बेलापूरच्या याच कंपनीत होता; ते लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवतात. बिघडलेला प्रोग्रॅम दुरुस्त करायला दिला. माझा पहिला अंदाज चुकला. तसं सरळ सांगितलं आणि म्हटलं, आता दुसरीकडे बघते. दोन चुका होत्या, मला एकच सापडली. पण या वेळी रिक्षात रडले नाही.

कोर्स वाईट नव्हते. त्यांच्याशिवाय मला ताईंचं बोलणंही कळलं नसतं. पण तिथे सगळं पहिल्या झटक्यात चालायचं आणि माझं अडलं की मला वाटायचं, आपणच मठ्ठ.

काल संध्याकाळी पेढे घेऊन बी विंगमध्ये गेले. तिथे रडू आलं, म्हणून बोलायचं राहून गेलं ते इथे लिहिते... ताई, त्या दिवशी माझ्यासमोर तासभर चुकत राहिलात, त्याबद्दल खूप खूप थँक यू.