मगरी बघायला जाण्याचे दोन मार्ग

आमचं घर महाडमध्ये, एसटी स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर. हे अंतर इतकं कमी नसतं तर माझं आयुष्य जरा शांततेत गेलं असतं. नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबईच्या आमच्या नातेवाइकांना अचानक निसर्गाचं वेड लागलं. कोणाला पोलादपूरच्या घाटातलं शेकरू बघायचं असे, कोणाला कड्यावरची गिधाडं, आणि सगळ्यांनाच सावित्रीतल्या मगरी. उतरायचे आमच्याकडे, आणि चहा घेता घेता प्रश्न ठरलेला: "जायचं कसं?"

मी हायस्कुलात शिकवायचे आणि घरी चौकशीची खिडकी चालवायचे. शेकरू बघायचं असेल तर सकाळची महाबळेश्वरची एसटी पकडा, घाटात उतरा, आणि मान मोडेस्तोवर झाडांकडे बघत बसा. परतीची गाडी हात दाखवला तर थांबते, मनात असेल तर. गिधाडांसाठी जीप ठरवा, पण ड्रायव्हरला आदल्या दिवशी सांगा, नाहीतर तो लग्नाचं वऱ्हाड घेऊन गेलेला असतो. स्वतःची गाडी आणलीत तर उत्तम, फक्त पंक्चर काढायची सोय महाडातच, हे लक्षात ठेवा.

मगरींचा मार्ग सोपा होता. महाडहून सहा आसनी रिक्षाने दासगाव, तिथून होडी. ओहोटी लागली की मगरी चिखलावर ऊन खात पडलेल्या असतात आणि होडीतून त्या छान दिसतात. सहा आसनी म्हणजे बसणारे किती, हे मात्र विचारायचं नाही. आमचा एक ठरलेला रिक्षावाला होता, दासगावचाच, आणि होडीवाला त्याचा सख्खा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. रिक्षावाल्याने माणसं धक्क्यावर सोडायची, होडीवाल्याने फिरवून आणायची, पुन्हा रिक्षात घालायची. घरातल्या घरात कारभार. मी निर्धास्त होते.

आणि मग त्या दोघांचं बिनसलं. रिक्षावाल्याच्या डोक्यात आलं की रस्त्याच्या एका वळणावरून खाली नदीचा काठ दिसतो आणि कधीमधी मगरही दिसते. त्याने पर्यटकांना सांगायला सुरुवात केली, "होडी कशाला? हितनं फुकट दिसते." हे मेव्हण्याच्या कानावर गेलं. तो भडकला. होडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला तो सांगू लागला, "रिक्षात कंबर मोडून घेऊ नका, रस्त्यावर उभं राहा, एसटी येते." झालं. दोघांनी बोलणं टाकलं.

बोलणं टाकलं, तरी निरोप कसे थांबणार? ते प्रवाशांबरोबर जाऊ लागले. माझ्या एका पुण्याच्या आतेभावाला रिक्षावाल्याने उतरताना सांगितलं, "त्या होडीवाल्याला सांगा, त्याच्या बहिणीला सुकी मासळी पायजे." आतेभाऊ सज्जन माणूस. त्याने निरोप दिला, आणि येताना कॅमेऱ्याच्या पिशवीतून सुके बोंबील घेऊन आला. ती पिशवी पुढे कित्येक महिने त्यांच्या पुण्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत लटकत होती म्हणे. मला हसू आवरेना. दोन्ही घरांत कोणाला ताप आला, कोणाची म्हैस व्याली, सगळं या परक्या लोकांच्या तोंडून इकडून तिकडे जायचं.

गंमत संपली ती रिक्षावाल्याच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा. तिची आई एक दिवस शाळेत आली. मधली सुट्टी होती. व्हरांड्यात उभी राहून पदराशी चाळा करत म्हणाली, "बाई, मंगलाष्टकांना पोरीच्या मागं मामा लागतो. मला हा एकच भाऊ हाय. हे त्याच्या दारात जात नायत आणि बोलावल्याबिगर तो यायचा नाय. तो नाय आला तर मी मांडवात पाय नाय ठेवायची." बाई बोलायची हळू, पण हे तिने असं सांगितलं की मी डबा अर्धाच ठेवला. दोन हट्टी पुरुषांच्या पायी हिने पोरीच्या लग्नाच्या दिवशी चुलीशी बसून राहायचं? मला भयंकर राग आला.

पुढच्या रविवारी माझी नणंद आणि तिचे यजमान पुण्याहून मगरी बघायला आले होते. रिक्षा दारात आली. यजमान बसत होते, तेवढ्यात रिक्षावाल्याने त्यांच्या हातात एक पिशवी दिली. आत नारळ आणि कुंकू लावलेल्या अक्षता.

"सायेब, येवढं होडीवाल्याला द्या. लग्नाची अक्षत हाय म्हणावं."

मी पायरीवरूनच ओरडले. मामाचं आमंत्रण! देवाला अक्षत दिली की पुढचा मान त्याचा, घरी जाऊन, पाटावर बसवून द्यायची, आणि हा ती पुण्याच्या पाहुण्याच्या हाती पाठवतोय, सुक्या बोंबलासारखी! वर्गात ज्या आवाजात बोलते त्याच आवाजात मी बोलले. गल्लीतली दोन-तीन दारं उघडली.

"स्वतः जा आणि दे," पिशवी त्याला परत द्यायला लावत मी म्हटलं. "मी येते बरोबर."

"बाई, तो धक्क्यावर उतरणार नाय. मला बघून होडी मागं घेल."

"मग होडीत बस."

त्याचा चेहरा पडला. तेव्हा मला कळलं की नदीकाठी जन्म काढलेला हा माणूस पाण्याला घाबरतो. एवढ्या वर्षांत तो मेव्हण्याच्या होडीत एकदाही चढला नव्हता.

धक्क्यावर पोचलो तर ओहोटी लागलेली, होडी कडेला. मेव्हण्याने भावोजींना पाहिलं आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "बाई, पाव्हण्यांना घ्या. रिक्षावाल्यांना वर थांबायला सांगा."

रिक्षावालाही माझ्याकडेच बघत म्हणाला, "बाई, त्याला सांगा मी पण येतोय."

"मी कोणाला काही सांगणार नाही," मी म्हटलं आणि होडीत जाऊन बसले.

नणंद बसली, यजमान बसले. रिक्षावाल्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, देवाचं नाव घेतलं आणि एक पाय आत टाकला. होडी डुलली, तसा तो फळीवर न बसता सरळ तळाशी बसला, पिशवी पोटाशी धरून. मेव्हण्याने बांबू रोवला आणि होडी लोटली.

मध्यावर आलो. समोर चिखलावर एक चांगली लांबलचक मगर पसरली होती. नणंद किंचाळली, यजमानांनी दुर्बीण काढली. रिक्षावाल्याचे डोळे घट्ट मिटलेले. मेव्हण्याने वळून त्याच्याकडे पाहिलं.

"डोळे उघडा, भावोजी," तो म्हणाला. "येवढं आलात तर बघा तरी."

"मी मगर बघायला नाय आलो रे." डोळे मिटलेलेच होते. "पोरीच्या मागं मांडवात उभा कोण राहाणार, ते इचारायला आलो."

बांबू थांबला. होडी आपली ओढीबरोबर हळूहळू त्या मगरीकडेच निघाली. यजमान म्हणू लागले, "अहो, अहो!" पण मेव्हण्याचं लक्ष नव्हतं. त्याने बांबू आडवा ठेवला, भावोजींच्या पिशवीतला नारळ आणि अक्षता घेऊन कपाळाला लावल्या आणि भावोजींच्या पाया पडायला वाकला. होडी अशी कलली की आम्ही सगळे एका बाजूला आलो. नणंदेने माझा दंड धरला तो सोडेचना. त्या गडबडीला कंटाळून मगर पाण्यात शिरली, तेव्हा तर मीही होडीची कड घट्ट धरली. मग मात्र मेव्हण्याने बांबू उचलला आणि आम्हाला सुखरूप काठाला आणलं. येताना दोघं मोठमोठ्याने भांडत होते. मांडवाला केळीचे खुंट कोणी आणायचे यावरून.

लग्नाच्या दिवशी माझा तोच आतेभाऊ सहकुटुंब येऊन टपकला, पुन्हा मगरींसाठीच. रिक्षा मांडवाच्या दारात झेंडूच्या माळा घालून उभी होती आणि होडी काठाला बांधलेली. त्या सगळ्यांना मी एसटीत घातलं आणि थेट लग्नालाच नेलं.

मंगलाष्टकं सुरू झाली. नवा शर्ट घातलेला मामा भाचीच्या मागे दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवून ताठ उभा होता. तिची आई अगदी मांडवाच्या मधोमध होती. सगळे अक्षता टाकत होते आणि ती नुसती भावाकडे बघत होती. लग्नात मी सहसा रडत नाही, माझं लक्ष जेवणाकडे असतं. त्या दिवशी मात्र रडले.

पंगतीत मामा वाढायला आला. आतेभावाने बसल्या बसल्या विचारलंच, "मग आज होडी नाहीच का हो?"

"मगरी हायत तिथंच राहातील, सायेब," तो म्हणाला. "पोर संध्याकाळी जाईल."

आणि आतेभावाच्या पानात भाताचा मोठा ढीग वाढून तो पुढच्या पानाकडे वळला.