मागे बघायला उतरणं

वीस वर्षं ट्रेलर चालवणारे आमचे उस्ताद गाडी मागे घेण्याआधी दर वेळी खाली उतरतात आणि मागे जाऊन बघून येतात. आज मी, कंपनीतला नवा शिकाऊ, उतरलो नाही. उतरलो तर याला येत नाही असं बाकीच्यांना वाटेल, याची लाज वाटली. मागे वॉचमनकाकांची खुर्ची चिरडली. काका नुकतेच पाणी प्यायला उठले होते.

कॉलेजातही मी असाच होतो. घरातला पहिलाच शिकणारा, म्हणून न कळलेलं कधी विचारलं नाही.

"काय पदवीधर, आरशात सगळं दिसतं का?" उस्ताद म्हणाले.

"असू द्या, खुर्ची जुनीच होती," काका म्हणाले. बोलताना ते ट्रेलरपासून चार पावलं मागे सरकले.