रक्त न निघालेला गोटा

गोटमारीत, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून दोन गावांनी एकमेकांवर गोटे हाणायच्या आमच्या जत्रेत, रक्त निघालं नाही तर लागलं असं कुणी मानतच नाही. डोकं फुटलं तर देवीची भभूत लावायची आणि परत नदीत उतरायचं. मुका मार खाऊन घरी बसलेल्याला लोक वर्षभर ‘बांगड्या भर’ म्हणतात. मीही म्हटलंय, मोठ्या तोंडाने.

त्या साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी पांढुर्ण्याच्या काठावर होतो आणि माझ्या बहिणीचा नवरा समोर, सावरगावच्या काठावर. एक गोटा माझा कान फाडून गेला. रक्त गळ्यापर्यंत ओघळलं. समोर भाऊजी पोट धरून हसत होते. माझं टाळकंच सरकलं. त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून मी नेम धरला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून गोटा हाणला. तो बेंबीच्या वर बसला. ते दुमडले, खाली बसले, मग उठून सदरा झटकला. मी शिट्टी मारली.

तिसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला. “दादा, घास पोटात गेला का हे गुरावानी ओरडून राहिले. इथला डॉक्टर म्हनते, गॅस आहे.”

मी गाडी काढली, दोघांनाही बसवलं. नागपूरपर्यंत भाऊजी ओकत होते, दारावर डोकं आपटत होते. हे माझ्याच गोट्याने झालं हे मला कळत होतं, तरी मी ते बहिणीला सांगितलं नाही.

तिथल्या सर्जनने तपासणीचे फोटो दाखवले. आतड्यांना रक्त नेणाऱ्या धमनीचं आतलं अस्तर फाटलं होतं. रक्त अस्तराच्या मागे शिरून फुगत होतं आणि खरी वाट दाबून टाकत होतं. आतडी रक्तावाचून मरत होती.

“बीपी आहे? बिडी ओढता? पोटावर मार लागला?”

“नाही जी,” भाऊजी कण्हले. “कायी नाही लागलं.”

तेव्हा कुठे मला समजलं, की हा माणूस तीन दिवस कुणासाठी गप्प होता. मला माझीच किळस आली.

“गोटा लागला,” मी म्हणालो. “मी मारला.”

डॉक्टरांनी छातीखालपासून ओटीपोटापर्यंत पोट फाडलं. धमनीचा फाटका तुकडा काढून मांडीतली शीर तिथे शिवली आणि हातभर काळं पडलेलं आतडं कापून टाकलं.

गोटा कुणी मारला हे आमच्याकडे विचारत नाहीत. बहिणीला ते आता आयतंच कळलं होतं. तिने दुसरंच विचारलं, “नेम धरला होता का रे?”

“नाही. गर्दीत लागला.”

भाऊजी शुद्धीवर आले तसं तिने त्यांनाही तेच विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नदीवर पाहिलं होतं तसंच.

“लय गर्दी होती वं,” ते म्हणाले.

मी ढसाढसा रडलो. बहीण जवळ आली आणि माझ्याच पाठीवरून हात फिरवत राहिली.