खोचलेलं फूल

ती साडी आमच्या टेंभी नाक्याजवळच्या खोलीत होती तोवर घरात कुणी धड बसलं नाही. आई रफूचं आणि भरतकामाचं काम करायची. धूर लागू नये म्हणून तिने चूल मागच्या पडवीत नेली. हात रिठ्याने धुऊनही ती साडीला भीत भीतच शिवायची.

साडी शेजारच्या पारशी बाईंची. तिची कोर, म्हणजे भरतकामाची किनार, त्यांच्या सासऱ्यांनी चीनहून आणलेली. साडी विरली होती, कोर शाबूत होती. ती उसवून नव्या साडीला लावायची आणि लग्नात बाईंची लेक ती नेसणार. बाईंच्या ओट्यावरच्या विजेच्या दिव्याखाली अभ्यास करून मी पुढे आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. त्यांना नाही कसं म्हणणार?

अस्मानी पट्टीवर दुधाळ बगळे आणि फुलं. उलटसुलट कळत नव्हतं, इतकं मागूनही स्वच्छ भरलेलं. एका बगळ्याचा पंख मात्र झिजला होता. बाजारातला प्रत्येक पांढरा धागा त्याच्याशेजारी निळसर दिसायचा.

आई खोलीत येरझारा घालत राहिली. मग एकदम बसली आणि कोरेच्या टोकाचं एक फूल सुईच्या अग्राने सोडवू लागली.

"आई, अगं, बाईंना न विचारता?"

"हे टोक कमरेत खोचलं जातं. तू दिव्यासमोरून हल आधी."

फुलाचा धागा पंखात गेला. टोकं जुन्या टाक्यांखाली सरकवली, गाठ कुठेच नाही. फुलाच्या जागी नुसती भोकं उरली.

बाई आल्या. कोर बोटांखालून सरकवत निघाल्या. मी दारातच उभी. टोकाशी बोट थांबलं.

"अरे, माझा फूल कुठं गेला?"

आईने पंख दाखवला. बाईंनी तो खिडकीशी धरला, उलटला, पुन्हा सुलटा केला.

"आता पोरीनं नीट खोचायला पायजे," बाई म्हणाल्या. "सुटली तर तुझी चोरी बाहेर!" आणि हसत सुटल्या.

लग्नाला आम्हाला आग्रहाने बोलावलं. मासे होते, गोड होतं. आईने कशालाच हात लावला नाही. नवरी सगळ्यांना हसून भेटत फिरत होती आणि आई मान उंचावून तिच्या कमरेकडे बघत होती.