आदी उदक पी

"आदी उदक पी, मागीर झगड." आमच्या सुर्ला गावात दोघे एकमेकांच्या अंगावर धावून गेले की आधी पाणी, भांडण नंतर, असं बजावणारं हे वाक्य कानी यायचं आणि पाठोपाठ पाण्याचा तांब्या पुढे यायचा. हात आमच्या पंचबाईंचा. हातात तांब्या असताना शिवी देणं जमत नाही. तुम्हीही कधी करून बघा.

बायकांच्या राखीव जागेवर त्या निवडून आल्या, तेव्हा मी पंचायतीत कारकून होतो. पहिल्या बैठकीला त्यांना दाराजवळची खुर्ची दिली गेली. "बरें जालें, वारो येता," म्हणाल्या आणि पाचही वर्षं तिथेच बसल्या.

खनिजाच्या ट्रकांनी गाव दुभंगलं होतं. धुळीने शेतं तांबडी झाली होती आणि अर्ध्या गावाची चूल त्याच ट्रकांवर पेटत होती. एकदा शेतकऱ्यांनी रस्ता अडवला, तर ट्रकवाले कांबी घेऊन उतरले. बाई मधे जाऊन उभ्या राहिल्या. तांब्या दोन्हीकडे फिरवला. दुपारपर्यंत तोडगा निघाला. शाळा भरता-सुटताना ट्रक बंद, एरवी रस्त्यावर पाणी मारून चालू. कोणाचं डोकं फुटलं नाही.

त्याचं बक्षीस काय? ट्रकवाले म्हणाले, बाई शेतकऱ्यांच्या. शेतकरी म्हणाले, बाई ट्रकवाल्यांना फितूर. एका गोष्टीवर मात्र दोघांचं जुळलं. बाईंच्या घरचं पाणी प्यायचं नाही.

नवरा कधीच गेलेला, लेक पार्स्याला दिलेली. संध्याकाळी बाई भरलेला तांब्या घेऊन सोप्यावर बसायच्या. मी स्कूटरवरून जाताना हाक यायची, "रे पुता, उदक पिऊन वच!"

"फाल्यां येतां, बाय!" उद्याचा वायदा करून मी पुढे जायचो.

माझा भाऊ ट्रकवर होता. मला घाई नव्हती, मी भ्यायलो होतो. त्याची लाज अजून वाटते.

पुढची निवडणूक त्या हरल्या. लेकीकडे कायमच्या निघाल्या, तेव्हा बसस्टॉपवर त्या आणि त्यांची पिशवी, एवढंच. मी धावत गेलो.

"बाय, उदक आसा?"

त्या हसल्या, पिशवीवर हात ठेवला. "तांब्यो बांदून दवरला रे आतां. फाल्यां यो."

बस आली आणि त्यांना घेऊन निघाली. शाळा सुटली होती. पोरं रस्ताभर पसरून घरी चालली होती, आणि दूरवर एकही ट्रक नव्हता.