माडावर चढून शिवलेलं म्यान

माझा नवरा वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरामागं भट्टी पेटवून कोयते आणि सुऱ्या घडवतो, ज्याच्या त्याच्या हाताच्या मापानं. त्यांची चामड्याची म्यानं मी शिवते.

एकदा वाडीतला पाडेली, म्हणजे आमचे नारळ काढणारा, लंगडत आला. कमरेच्या आकडीत कोयता उघडाच अडकवून उतरताना पाय घसरला होता. मांडी पात्यानं कापली होती.

"वयनी, माका म्यान व्हया. पण एका हातान कोयतो भायर येवक व्हयो. दुसऱ्या हातान माड धरूचो आसता."

नवऱ्यानं ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून आखूड, सरळसा कोयता घडवला. मी म्हशीचं जाड चामडं भिजवून त्याच्यावर बसवलं, धारेनं शिवण कापू नये म्हणून मधे चामड्याचीच पट्टी घातली. देखणं झालं. पाडेल्यानं अंगणात कोयता उपसून बघितला आणि खूश होऊन गेला.

दुसऱ्याच दिवशी परत आला. "खाली सुटता, वयर अडाकता."

का अडकतं, ते त्याला सांगता येईना. मग मी पदर खोचला, म्यान कमरेला बांधलं आणि परसातल्या माडाच्या खाचांत पाय रोवत चढू लागले.

सासूबाई धावत आल्या. "गो बाय, उतर खाली! पडशील मगे!"

कौलांच्या उंचीवर थांबून मी माडाला मिठी मारली, दुसरा हात मागं नेला. तेव्हा कळलं. चढताना गुडघे पोटाशी येतात, कंबर वाकते, म्यानाचं तोंड पाठीकडे फिरतं आणि हात मुठीपर्यंत पोचतच नाही. खाली उतरले तेव्हा मला हसू आवरेना.

नवं म्यान मी दोन पट्ट्यांवर तिरकं टांगलं, तोंड पुढं, बरगडीकडे. पाडेली त्याच माडावर चढला. आम्ही सगळे माना वर करून उभे. एक हात माडाभोवती, दुसरा कमरेला, आणि पातं उन्हात चमकलं.

"कोयतो सुटलो! वयनी, सुटलो!"

पाठोपाठ नारळांचा घोस धप्पकन खाली आला.

सासूबाई कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी जाऊन शेजारणीला मोठ्यानं सांगत होत्या, "आमच्या सुनेन केल्यान. माडार चढान माप घेतल्यान!" माझ्या नवऱ्याच्या कामाचं कौतुक त्यांनी कधी एवढ्या मोठ्या आवाजात केलेलं मी ऐकलं नव्हतं.

आता पार लांबच्या मसुऱ्यापासून पाडेली येतात. लोखंड भट्टीत घालण्याआधी नवरा मला विचारतो, "म्यान कसा करतलंस? मगे मी पाता ठरवतंय."